घाटकोपरात थोडा वेळ थांबलेलं महायुद्ध

माझ्या पत्रकात पहिल्या महायुद्धाची सगळी कारणं एका पानावर बसली होती आणि परिणाम मागच्या बाजूला. वर ठळक अक्षरात प्रश्न होता : ‘तिसरं महायुद्ध कुणाला हवं आहे?’ आम्ही पाच-सहा कॉलेजातली मुलं मुलुंडला एका मित्राच्या घरी जमायचो, सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे करायचो आणि संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर पत्रकं वाटायचो. तिकडे युरोपात नवी क्षेपणास्त्रं बसवत होते, दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर हसत हात हलवत होते, आणि आमच्या पुलावर माणसं पत्रक घेऊन पुलाखालच्या भजीवाल्याला देत होती. तो त्यात भजी बांधायचा. एकदा मीच घेतलेल्या भजीचं तेल बरोबर ‘बाजारपेठांसाठीची स्पर्धा’ या ओळीवर उतरलं होतं. मी भजीवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, “भाऊ, कागद झकास आहे. अजून आण ना.”

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत. बाबांना तेव्हा हसायचं काही सुचतच नव्हतं. गिरणीचा संप मोडून दोन-तीन वर्षं झाली होती. गिरणी गेली ती गेलीच, आणि बाबा विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर खाकी कपडे घालून उभे राहू लागले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करणं हे काम. ज्या माणसाला घाटकोपरच्या आमच्या सगळ्या वाडीने महाराज म्हणून पाहिलं होतं, तो गाड्यांना सलाम करत होता. मला त्याचा संताप यायचा, अजूनही येतो.

महाराज म्हणजे दशावतारातले. बाबांची हौशी दशावतारी मंडळी होती. सगळे आमच्या गावाकडचे, सगळे नोकरीवाले किंवा नोकरी गेलेले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता मंडळीचा प्रमुख आख्यान सांगतो, कोण कोणाचा वैरी आणि शेवटी काय व्हायचं ते ठरतं, आणि मग ज्याने त्याने बाहेर जाऊन आपली भाषणं आपण करायची. रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. राजे बोलतात ते शुद्ध, पुस्तकी मराठी. मालवणी बोलायचं ते विनोदी पात्रांनी आणि प्रेक्षकांनी.

आमच्या वाडीच्या मंडळाची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि पूजेला बाबांच्या मंडळीचा खेळ. त्या वर्षी मंडळाच्या खजिनदाराने बैठकीत सांगून टाकलं की लोक आता दशावताराला बसत नाहीत, पुढच्या वर्षीपासून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणू, दोन हिंदी पिक्चर लावू. “यंदा शेवटचं बघतो,” तो बाबांना म्हणाला. “मैदान भरून शेवटपर्यंत बसलं तर तुम्ही. नाहीतर व्हिडिओ. आमचं काही वैर नाही हो तुमच्याशी.”

वैर नव्हतंच. त्याच्या मेव्हण्याचं व्हिडिओचं दुकान होतं, एवढंच. मी हे पत्रकात छापून दारोदार वाटायला निघालो होतो. बाबांनी माझा हात धरला.

“मेल्या, पत्रक वाटून मैदान भरता काय? खेळ बरो झालो तर भरतलाच.”

“मग नवीन काहीतरी करा ना. तेच तेच दैत्य मारून लोक कंटाळलेत.”

“नवीन काय करू?”

मी खिशातून पत्रक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. इतक्या सावकाश ते आजवर कुणीच वाचलं नव्हतं. मग विचारलं, “ह्याच्यात राजे किती रे?”

“सात-आठ मोठे. छोटे वेगळे.”

“आमच्याकडे मुकुट चार आसत.”

तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि पंधरवडाभर जेवणाच्या ताटावर चाललं. बाबांनी ऑस्ट्रिया, सर्बिया, जर्मनी आणि इंग्लंड एवढेच राजे ठेवले. फ्रान्स कापला. रशिया कापला तेव्हा मी ताटावरून उठलो. “रशियाशिवाय महायुद्ध? बाबा, लोक हसतील!”

“रशियाक वाटेत ठेवू. दूत येवन सांगतलो, रशिया निघालो हा. मोठो देश आसा, येवक वेळ लागतलोच.”

आई म्हणाली, “दोघेही जेवा आधी, मग लढा.”

शेवटी असं ठरलं : पूर्वार्धात कारणं, उत्तरार्धात परिणाम. ऑस्ट्रियाच्या युवराजाला बोस्नियात एक सर्ब तरुण गोळी घालतो. ऑस्ट्रियाचा राजा सर्बियाला अपमानकारक अटी घालतो, सर्बिया नकार देतो, आणि एकेक राजा दिलेल्या वचनापायी युद्धात उतरतो. मध्यंतरानंतर खंदक, उपासमार, बोटींत भरून नेलेले आपले शिपाई आणि त्यांच्या आया. ऑस्ट्रिया हा खलपार्ट, तो आमच्या मंडळीतल्या बस कंडक्टरकडे. त्याचा आवाज असा की माईक नसला तरी चालेल. या खेळासाठी त्याने कुर्ल्याला एका पत्र्याच्या दुकानातून नवी लांब तलवार करून घेतली होती आणि भेटेल त्याला ती दाखवत होता. सर्बिया आमच्या चाळीतला शिंपी, बारीक अंगाचा. जर्मनी अर्थातच बाबा. इंग्लंडसाठी माणूस उरला नाही म्हणून सर्बियानेच पगडी बदलून इंग्लंड व्हायचं ठरलं.

खेळ रविवारी दुपारी ठेवावा लागला, कारण भोंग्याची परवानगी दिवेलागणीपर्यंतच होती. दुपारच्या उन्हात दशावतार म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. तोंडावरचा रंग वितळून राजे वाघासारखे पट्टेरी दिसत होते. मैदान अर्धं भरलं होतं. खजिनदार कडेला खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसला होता. सगळ्यात पुढे सतरंजीवर थोरली काकी. ती कोणाचीच सख्खी काकी नव्हती आणि सगळ्या वाडीची काकी होती. तिचा बाप ती पाळण्यात असताना, याच महायुद्धात, पलटणीतून इराकातल्या बसऱ्याला गेला, इंग्रजांच्या वतीने, आणि परत आला नाही. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कुणी परदेशी नोकरीला निघालं की काकी त्याला एकच विचारायची, “बसऱ्याक नाय ना रे?”

पायपेटी लागली, पखवाज झडला. कंडक्टर ऑस्ट्रिया असा गरजला की शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांत माणसं आली. युवराजाच्या शोकात त्याने बाकड्यावर डोकं आपटलं, मग नवी तलवार उपसून सर्बियाला बोलावलं. शिंपी आला. ऑस्ट्रियाने अटी सांगितल्या : मारेकऱ्याला साथ देणाऱ्यांना पकड, आमच्याविरुद्ध बोलणाऱ्यांची तोंडं बंद कर, आमचे अधिकारी तुझ्या राज्यात येऊन चौकशी करतील, आणि भर दरबारात माफी माग. शिंप्याने छाती काढली. आता तो नकार देणार, पखवाज वाजणार, युद्ध.

तेवढ्यात काकी सतरंजीवरून उभी राहिली.

“अरे मेल्या, माफी माग आणि मोकळो हो! कित्याक लोकांची पोरां मारूक लावतंस?”

लोक हसले. शिंपी गडबडला. दशावतारात प्रेक्षकांनी बोलणं नवं नाही, पात्रं दोन शब्दांत उत्तर देतात आणि पुढे जातात. पण ही थोरली काकी. शिंप्याच्या लग्नाची बोलणी तिने केली होती, त्याच्या भावाभावांतला घराचा वाद तिने मिटवला होता. आमच्या वाडीत काकीने मिटव म्हटलं की मिटवायचं, हे त्याच्या हाडात होतं. त्याने एकदा काकीकडे पाहिलं, एकदा तलवारीकडे, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, “महाराज, चूक झाली. आपल्या सर्व अटी मान्य आहेत.”

टाळ्या! मैदानातून शिट्ट्या. पायपेटीवाल्याचे हात हवेतच राहिले. पहिलं महायुद्ध घाटकोपरात थांबलं होतं.

पडद्यामागे मी बाबांचा दंड धरला. “वाट लागली! त्याने नकार द्यायला हवा होता. आता युद्ध कसं होणार? परिणाम कशाचे दाखवणार?”

बाबा आरशात बघून मिशी चिकटवत होते. “गप रे. त्या कंडक्टराची नवी तलवार बघितलंस मां? माफी मागितल्यान म्हणान तो ती म्यानात घालतलो?”

आणि बाहेर अगदी तसंच झालं. कंडक्टर क्षणभर गोंधळला. आख्यानात नसलेली माफी त्याच्या पायाशी येऊन पडली होती. त्याने तलवारीकडे पाहिलं. मग खलपार्टाचं ते तीन टप्प्यांचं हास्य केलं आणि म्हणाला, “माफी? आता माफी मागतोस? आमचे सैन्य सज्ज आहे! तलवारीला धार आहे! युद्ध होणार म्हणजे होणार!”

मैदान पेटलं.

“ए, माफी मागितली ना त्याने!”

“सगळ्या अटी मान्य केल्या, अजून काय पाहिजे रे तुला?”

“आधीच ठरवून आलायस काय?”

माणसं इमारतींतून खाली उतरून येऊ लागली, भांडण कुठे लागलं ते बघायला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो खजिनदार, हाताची घडी सोडून, खुर्चीवर उभा राहून ओरडला, “अरे ही काय पद्धत झाली? माणूस नमतोय तर त्याच्यावर तलवार काढतोस? बेशरम!” कंडक्टर त्याला शुद्ध मराठीत म्हणाला, “खजिनदार, आपण आसनस्थ व्हावे!” त्यावर हशा असा पिकला की शिंपीही हसला, आणि हसत हसतच तलवार चुकवत पडद्यामागे पळाला.

शस्त्रं आधी तयार होतात, भांडण मागाहून शोधलं जातं. हे वाक्य माझ्या पत्रकात होतं. तिसऱ्या परिच्छेदात, सुकलेल्या भाकरीसारखं. इथे ते पत्र्याची तलवार होऊन उन्हात चमकत होतं आणि अख्खी वाडी त्याला शिव्या घालत होती. पुढच्या आठवड्यात मी ग्रंथालयात जाऊन मोठी पुस्तकं उघडली, तर खरोखरच सर्बियाने जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या होत्या आणि तरीही युद्ध पुकारलं गेलं होतं. छोट्या पुस्तकांत एवढंच लिहिलेलं असतं की सर्बियाने नकार दिला. कोणाच्या सोयीचं आहे हे, मला सांगा.

मग जर्मनी आली. बाबा मखमली अंगरख्यात असे आले की कारखान्याच्या गेटवरचा माणूस तो हाच, हे मलाही आठवलं नाही. ते बाकड्यावर ऑस्ट्रियाशेजारी बसले. काकी अजून उभीच होती.

“तुझो काय संबंध?”

बाबा डगमगले नाहीत. “माते, मी ऑस्ट्रियाला वचन दिले आहे.”

“चुकी कोणाची ता इचारलंस?”

“वचन देताना विचारायचे नसते, माते.”

“मगे वचन कित्याक म्हणतंस? आंधळेपणा म्हण!”

पुन्हा टाळ्या. बाबांनी मुकुट सावरत मान डोलवली, कारण चांगल्या टोल्याला दाद द्यायची हा दशावताराचा धर्म. दूत धावत आला, रशिया निघालो हा, म्हणाला. मैदानातून कोणी तरी ओरडलं, “तेचो काय संबंध?” आता सगळ्या मैदानाला ते वाक्य सापडलं होतं. दूताने सांगितलं, “तो सर्बियाचा सोयरा.” “फ्रान्स पण?” “तो रशियाचा मित्र!” पोरं नाचायला लागली. इंग्लंड आलं तेव्हा पगडीखालचा शिंपी ओळखून त्यांनी कल्ला केला, “ओ सर्बिया, तुम्ही पळालात ना?”

“तो वेगळा!” शिंपी चिडून म्हणाला. “मी इंग्लंडचा राजा! मी बेल्जियमला शब्द दिला आहे. माझी गलबते निघाली आहेत, माझ्या सर्व मुलखांतून शिपाई निघाले आहेत!”

सगळे एकदम ओरडणार होते, पण काकीने हात वर केला. तिचा आवाज आता चढलेला नव्हता.

“तुमचे शब्द, तुमचे सोयरे. बरा. माझ्या बापसान कोणाक शब्द दिल्लो? तेचो काय संबंध होतो?”

पायपेटीवाल्याने भाता सोडला. शिंपी इंग्लंडची पगडी चाचपत राहिला. कंडक्टरने तलवार खाली केली. आख्यानात त्या प्रश्नाला जागाच नव्हती. खरं तर माझ्या पत्रकातही नव्हती. तिथे ‘वसाहतींतील मनुष्यबळ’ असे शब्द होते.

बाबा बाकड्यावरून उठले. दशावतारातला राजा रंगमंचावर मालवणी बोलत नाही. बाबा कधीच बोलले नव्हते. ते पुढे येऊन कडेला उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, “काय संबंध नाय, काकी. कायच संबंध नाय होतो.”

“मगे बरा,” काकी म्हणाली, “इतक्या वर्सांत कोणी सांगूक तरी नाय होता.” आणि खाली बसून तिने कनवटीची तपकिरीची डबी काढली. पखवाजवाला शहाणा होता, त्याने लगेच लढाईची थाप धरली. कंडक्टर आणि शिंपी अशी तलवारबाजी खेळले की नवी तलवार मधोमध वाकली, आणि वाकलेली तलवार बघून ऑस्ट्रियाच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं होतं. दिवेलागणी झाली. भोंगा बंद करावा लागला. परिणाम राहूनच गेले. तरी माणसं उठेनात. चहाचं पातेलं मैदानात आलं आणि चूक कोणाची, यावर घोळक्याघोळक्यात वाद सुरू झाला.

मुलुंडचा माझा मित्र खेळाला आला होता. चष्मा पुसत म्हणाला, “मजा आली यार, पण राजकीयदृष्ट्या सगळं चुकलं. बाजारपेठा कुठे आहेत? तोफा विकणारे कारखानदार कुठे आहेत?”

“तो काय, तिथे चहा पितोय,” मी खजिनदाराकडे बोट दाखवून म्हणालो. मित्राला विनोद कळला नाही. त्या गटात कुणालाच विनोद कळायचे नाहीत, आणि आमची पत्रकं का वाचली जात नव्हती याचं ते एक कारण होतं.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक शाळेच्या वर्गात झाली. बाबा सभासद, म्हणून पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मी आणि आणखी काही जण दारात उभे. खजिनदाराने सुरुवात केली. मैदान भरलं हे मान्य. पण गोंधळ झाला. पूजेला शोभेल असं देवाचं आख्यान नव्हतं. आणि मुख्य म्हणजे खेळ पूर्ण झालाच नाही. शेवटपर्यंत बसले, असं तरी कसं म्हणायचं? शेवट कुठे होता?

मी दारातून बोललो, “तुम्ही स्वतः खुर्चीवर उभे राहून ओरडत होतात!”

“सभासद नसलेल्यांनी बोलू नये,” अध्यक्ष म्हणाले.

बाबांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. संप मोडला त्या दिवशी घरी आले होते तेव्हाचा. मी काही तरी बोलणार, एवढ्यात काकी मला बाजूला सारून वर्गात शिरली. ती सभासद नव्हती. तिला तसं सांगायची अध्यक्षांची हिंमत झाली नाही.

“खेळ पुरो झालो नाय, ह्या बरोबर,” ती खजिनदाराला म्हणाली. “माझो बापूस अजून बोटीत चढाक नाय. उरलेलो कधी दाखवतास?”

“पुढच्या पूजेला,” शेवटी अध्यक्ष म्हणाले. “काय खजिनदार?”

खजिनदार चाचरत म्हणाला, “माझं काय म्हणणं आहे? दोन्ही करू. व्हिडिओचं मी मेव्हण्याला बोलून बसलोय हो. एक पिक्चर आणि एक खेळ.”

मी तडजोडीच्या विरोधात होतो, आजही आहे. मी दारातून हात वर केला. कोणी मोजला नाही. बाबा मात्र पोरांच्या बाकातून कसेबसे बाहेर पडून उभे राहिले आणि त्यांचा आवाज मैदानातला होता.

“चलात. पण व्हिडिओ आमच्या आधी लावा. आमच्या मागसून लावलात, तर बघूक कोण थांबाचो नाय.”

ठराव हसत हसत मंजूर झाला. बाबांची त्या दिवशी दुपारची पाळी होती. आम्ही दोघे उतारावरून खाली चालू लागलो. ते खाकी शर्टाची बटणं लावत होते, आणि मी त्यांना तडजोड कशी चूक आहे ते सांगत होतो.

“ता सोड,” शेवटचं बटण लावून ते म्हणाले. “तो बसरा कसो आसा? गरम की थंड? शिपायांचे कपडे आतापासून बघूक होयेत.”